दाताचा केसपेपर कॉम्प्युटरवर: 'प्रमाणित' सॉफ्टवेअर म्हणजे नेमकं काय, आणि कोकणातल्या दवाखान्याने काय पाहून घ्यावं

गणपतीला गावी आलेला चाकरमानी पाचव्या दिवशी गाल धरून कणकवलीतल्या किंवा गुहागरातल्या दवाखान्यात येतो. खालच्या दाढेचं रूट कॅनल मुंबईत अर्धं झालेलं असतं. किती कॅनल सापडले, आत कोणतं औषध भरलंय, सुन्न करायच्या इंजेक्शनचा मागे कधी त्रास झाला होता का, यातलं काहीच त्याला सांगता येत नाही. मोबाईलमध्ये एक्स-रे आहे, पण तो कॉम्प्युटरच्या पडद्याचा तिरका काढलेला फोटो. मुंबईचा दवाखाना सुट्टीसाठी बंद. मग पुन्हा एक्स-रे, पुन्हा लांबी मोजणं, पुन्हा खर्च. शिमग्याला हीच गोष्ट उलट घडते: काम गावी सुरू होतं आणि कॅप बोरिवलीत बसते.

इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड (ईएचआर) या भारदस्त नावामागचं काम एवढंच आहे. नोंद पेशंटबरोबर फिरली पाहिजे, आणि दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला ती फोन न करता कळली पाहिजे. दवाखान्यात कॉम्प्युटर आहे, त्यावर बिलं निघतात, अपॉइंटमेंटचा मेसेज जातो, म्हणजे हे काम झालं असं नव्हे. बहुतेक ठिकाणी तो कॉम्प्युटर म्हणजे महागडी पावतीपुस्तिका असते.

'सर्टिफाइड आहे हो' म्हणजे कोणी केलं?

'प्रमाणित' हा शब्द गाजला अमेरिकेत. तिथल्या २००९ च्या 'हायटेक' कायद्याने ठरवलं की डॉक्टरांनी सरकारमान्य निकषांत बसणारं सॉफ्टवेअर खरोखर वापरलं तर सरकार पैसे देईल. मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी योजनेचे किमान ३० टक्के पेशंट असतील तर डेंटिस्टही त्यात बसत. सहा वर्षांत मिळून ६३,७५० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकत होती. पण निकष लिहिले होते फिजिशियन डोळ्यांसमोर ठेवून. ब्लड प्रेशरची नोंद हवी, धूम्रपानाची हवी, औषधांची यादी हवी, आणि बत्तीशीच्या नकाशाचं मात्र नाव नाही. त्यामुळे शिक्का मिळालेल्या सॉफ्टवेअरमध्ये दात नीट नोंदवता येत नसत, आणि दातांसाठी उत्तम असलेल्या सॉफ्टवेअरवर शिक्का नसे. ही गल्लत इथेही होते, म्हणून ती आधीच सांगितली.

भारतात खासगी दवाखान्याने अमुक शिक्क्याचंच सॉफ्टवेअर वापरावं अशी सक्ती नाही. केंद्र सरकारची ईएचआर मानकं २०१३ मध्ये आली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सुधारली गेली. निदान कोणत्या कोडमध्ये लिहायचं, एक्स-रे कोणत्या स्वरूपात ठेवायचा, नोंदीत कोणी केव्हा बदल केला याचा माग कसा राखायचा, हे त्यांत आहे. ती आहेत मात्र शिफारशीच्या स्वरूपात. आज व्यवहारात 'प्रमाणित'च्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन, अर्थात एबीडीएमशी जोडलेलं सॉफ्टवेअर. २७ सप्टेंबर २०२१ ला हे मिशन देशभर सुरू झालं, आणि ते राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण चालवतं. कंपनीला आधी सॅन्डबॉक्स नावाच्या चाचणी-आवारात आपलं सॉफ्टवेअर चालवून दाखवावं लागतं, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या तपासनिसांकडून सुरक्षेची तपासणी करून घ्यावी लागते, आणि मगच खऱ्या व्यवस्थेत प्रवेश मिळतो. जोडल्या गेलेल्या सॉफ्टवेअरची यादी एबीडीएमच्या संकेतस्थळावर असते. विक्रेता समोर बसला असतानाच ती उघडून बघावी.

विक्रेते तिसराच एक कागद दाखवतात: आयएसओचं प्रमाणपत्र. ९००१ असेल तर ते कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीचं, २७००१ असेल तर माहितीच्या सुरक्षेच्या व्यवस्थेचं. दोन्ही चांगलेच. पण दाढेची नोंद मुंबईच्या डॉक्टरला दिसेल का, याबद्दल त्यांतून काहीच कळत नाही.

एबीडीएमचे तीन टप्पे

यात सगळ्या पेशंटची माहिती दिल्लीत कुठे एका मोठ्या कपाटात जमा होते, असा सर्वसाधारण समज आहे. तसं नाही. नोंद तयार होते त्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरकडेच राहते. मधली व्यवस्था फक्त पत्ता सांगते आणि पेशंटची परवानगी तपासते.

पेशंटचा आभा नंबर, म्हणजे त्याच्या डिजिटल आरोग्य-खात्याचा क्रमांक, १४ आकडी असतो. सोबत ईमेलसारखा दिसणारा आभा पत्ताही मिळतो. सॉफ्टवेअर कंपन्या 'एम वन, एम टू, एम थ्री' म्हणतात ते असं: पहिल्या टप्प्यात सॉफ्टवेअर आभा काढतं किंवा असलेला तपासून केसपेपरला जोडतं. दुसऱ्यात दवाखान्यात झालेली नोंद पेशंटच्या आभाला जोडली जाते, म्हणजे ती त्याच्या मोबाईलवर दिसते. तिसऱ्यात डॉक्टरला पेशंटच्या संमतीने दुसरीकडच्या नोंदी बघता येतात. कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या काळातल्या आणि किती दिवसांसाठी, हे पेशंट ठरवतो आणि दिलेली संमती मागेही घेऊ शकतो.

'आम्ही एबीडीएमला जोडलेले आहोत' म्हणणाऱ्या कंपनीचा पहिलाच टप्पा झालेला असू शकतो. म्हणून ब्रोशरवर जाऊ नये. विक्रेत्याला सांगावं: माझाच आभा घ्या, माझ्या नावाने एक भेट नोंदवा, प्रिस्क्रिप्शन आणि एक्स-रे जोडा, आणि ते आत्ता माझ्या मोबाईलवर दाखवा. हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. 'सर्व्हर डाउन आहे, उद्या दाखवतो' असं उत्तर आलं तर उद्याच ठरवावं.

एक अडचण कुणी आपणहून सांगत नाही. नोंद दवाखान्याकडे राहते, म्हणजे ती मागितली जाईल तेव्हा देणारा सर्व्हर चालू हवा. सगळा डेटा काउंटरखालच्या पीसीत असेल आणि रात्री आठला मेन स्विच बंद करून शटर ओढलं जात असेल, तर रात्री नऊला मुंबईत कोणी ती नोंद मागितली की हाती काही लागणार नाही. जोडलेल्या नोंदींची प्रत कंपनीच्या क्लाउडवर कायम उपलब्ध असते का, हा प्रश्न म्हणून विचारायचाच.

शिवाय, बरीचशी सॉफ्टवेअर दुसऱ्या टप्प्यात भेटीची पीडीएफ पाठवतात. दातांचा रंगीत नकाशा तिकडच्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा उमटेल अशी अपेक्षा ठेवू नये. आमच्या मते यात फारसं बिघडत नाही, फक्त त्या पीडीएफमध्ये वाचण्याजोगं काही असलं पाहिजे. सगळं घोडं अडतं ते तिथेच.

१६ नंबरचा दात कुठला?

जगात दातांना नंबर देण्याच्या तीन मुख्य पद्धती चालतात. आपल्याकडे एफडीआय या जागतिक दंत संघटनेची दोन आकडी पद्धत रुळलेली आहे. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासूनचा क्रम. पेशंटच्या वरच्या उजव्या बाजूला ११ ते १८, वर डावीकडे २१ ते २८, खाली डावीकडे ३१ ते ३८, खाली उजवीकडे ४१ ते ४८. दुधाच्या दातांना ५१ पासून ८५ पर्यंतचे नंबर, प्रत्येक भागात पाचच. कॉलेजात फुलीच्या चार कोपऱ्यांत आकडा लिहायची जी सवय लागते ती पामर पद्धत. कागदावर ती झकास, पण कीबोर्डवर फुली काढता येत नाही. तिसरी अमेरिकन 'युनिव्हर्सल', त्यात १ ते ३२ सरळ नंबर.

अमेरिकन बनावटीच्या किंवा तिकडची नक्कल केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीची मांडणी युनिव्हर्सल असते. ती बदलायची राहिली की घोटाळा. एफडीआयत १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ. युनिव्हर्सलमध्ये १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. ४६ लिहिलं तर गोंधळ लगेच लक्षात येतो, कारण युनिव्हर्सलमध्ये कायमच्या दातांचे नंबर ३२ लाच संपतात. पण ११ ते १८, २१ ते २८ आणि ३१, ३२ हे अठरा आकडे दोन्हीकडे आहेत, आणि त्यांतल्या एकाचाही दात जुळत नाही. '१६ काढा' अशी चिठ्ठी चुकीच्या पद्धतीत गेली की निरोगी दात निघू शकतो. म्हणून सॉफ्टवेअर बसवल्यावर पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये एफडीआय निवडणं, एक नमुना प्रिस्क्रिप्शन छापणं आणि छापलेल्या कागदावर दाताचं नाव शब्दांतही येतंय का ते बघणं. '१६, वरची उजवी पहिली दाढ' असं दोन्ही आलं तर वाद उरत नाही.

नकाशात आणखी एक गोष्ट तपासावी. आधीपासून असलेलं काम, ठरवलेलं काम आणि झालेलं काम या तीन अवस्था वेगळ्या दिसल्या पाहिजेत. काही सॉफ्टवेअरमध्ये कोटेशन केलं की दातावर कॅप रंगते. पेशंट पुन्हा आलाच नाही तरी नकाशात कॅप कायम, आणि पाच वर्षांनी पाहणाऱ्याला ती बसवलेली वाटते.

नोंदीत काय लिहायचं

'आरसीटी चालू, पुन्हा बोलावलं.' अशी नोंद कॉम्प्युटरवर असो की वहीत, पुढच्या डॉक्टरला तिचा उपयोग शून्य. तीच भेट अशी लिहिली तर बघा:

४६, खालची उजवी पहिली दाढ. निदान: न भरून येणारा पल्पायटिस. सुन्न: लिग्नोकेन २ टक्के, अ‍ॅड्रेनालिन १:८०,०००, ब्लॉक, एक कार्ट्रिज, त्रास नाही. तीन कॅनल. मेसिओबक्कल २० मिमी, मेसिओलिंग्वल २० मिमी, डिस्टल २१ मिमी; मोजमाप मेसिओबक्कल टोकापासून. २५ नंबरच्या फाइलपर्यंत साफ. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, वर तात्पुरतं सिमेंट. राहिलेलं: भरणं, मग कॅप. पेशंटला सांगितलं: त्या बाजूने चावू नये, सिमेंट निघालं तर लगेच यावं.

हे टाइप करायला साचे असतात. रूट कॅनल, दात काढणं, सिमेंट, सफाई, कॅप अशा पाच-सहा कामांचे साचे पहिल्या आठवड्यात बसवले की फक्त आकडे भरायचे उरतात. साच्याचा धोका म्हणजे 'त्रास नाही' हे शब्द आपोआप उमटत राहतात, त्रास झाला तरी. म्हणून असे रकाने कोरे ठेवावेत आणि प्रत्येक वेळी हाताने भरावेत.

निदानाला कोड जोडता आला तर उत्तम. आंतरराष्ट्रीय आयसीडी-१० यादीत दंतक्षयाला के०२, पल्पायटिसला (दाताच्या आतल्या नसेच्या दाहाला) के०४.०, हिरड्यांच्या आणि दाताच्या आधाराच्या आजारांना के०५. स्नोमेड सीटी हा अधिक बारकाव्याचा शब्दसंच. भारत त्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य असल्याने इथे तो वापरायला पैसे पडत नाहीत. त्याचं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्रातून चालतं. डॉक्टरने कोड पाठ करायचे नसतात. 'पल्प' टाइप केलं की यादी उघडली पाहिजे.

वैद्यकीय इतिहासाचा रकाना मात्र मोकळ्या मजकुराचा नको. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी 'शेरा' म्हणून लिहिली तर त्याच कुळातलं अमॉक्सिसिलिन लिहिताना सॉफ्टवेअर गप्प बसतं. अ‍ॅलर्जीच्या ठरलेल्या रकान्यात निवडली तरच ते लाल पट्टी दाखवतं. तसंच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या बिस्फॉस्फोनेट औषधांचं, कारण ती चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "बारकी पांढरी गोळी आसा, नाव म्हायत नाय." अशा वेळी गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढून केसपेपरला जोडावा, नाव नंतर वाचून भरावं. सवयींच्या यादीत तंबाखू आणि गुटख्याबरोबर 'मशेरी' हा पर्याय स्वतः घालून घ्यावा. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारी आजी रोज दोनदा मशेरी लावत असते.

हिरड्यांचं मोजमाप हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. एका दाताभोवती सहा जागा, म्हणजे ३२ दातांचे १९२ आकडे. हातमोजे घातलेला माणूस ते टाइप करू शकत नाही. डॉक्टरने म्हणायचं आणि असिस्टंटने भरायचं, हाच मार्ग. त्यासाठी कर्सर दाताच्या क्रमाने आपोआप पुढे सरकतो का, हे विकत घेण्याआधी स्वतः भरून बघावं.

आरव्हीजीचा कोंडवाडा

बहुतेक दवाखान्यांत एक्स-रे सेन्सरचं (आरव्हीजीचं) सॉफ्टवेअर वेगळं असतं आणि केसपेपरचं वेगळं. दोन्हीकडे नाव दोनदा टाइप होतं, एकीकडे आईचं नाव लागतं, दुसरीकडे आडनाव चुकतं. केसपेपरमधून बटण दाबलं की पेशंटचं नाव आणि नंबर एक्स-रेच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन उघडला पाहिजे, फोटो परत येऊन दाताच्या नंबराला चिकटला पाहिजे. ही जोडणी तुमच्या सेन्सरच्या मॉडेलबरोबर चालते का, ते नाव घेऊन विचारावं. 'सगळ्यांबरोबर चालतं' हे उत्तर नव्हे.

दुसरा मुद्दा स्वरूपाचा. डायकॉम या वैद्यकीय चित्रांसाठीच्या स्वरूपात फोटोबरोबर पेशंटचं नाव, तारीख आणि मोजमापाची पट्टी आत बसून येते. जेपीईजी केलं की नुसतं चित्र उरतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की त्याचीही साय निघून जाते. शिवाय ते असिस्टंटच्या खासगी फोनमध्ये पडून राहतं. काही सेन्सरची सॉफ्टवेअर फोटो स्वतःच्या डेटाबेसमध्ये अगम्य नावांनी ठेवतात. ते सॉफ्टवेअर मेलं की हजारो फोटो हातात असतात, पण कोणता कोणाचा ते कळत नाही. महिन्यातून एकदा डायकॉममध्ये बाहेर काढण्याची सोय हवीच. सीबीसीटीची, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनची, एकेक फाइल काही शे एमबीची होऊ शकते, त्यामुळे ती क्लाउडवर चढवण्याचा हट्ट आपल्याकडच्या नेटवर धरू नये.

आणि एक किरकोळ वाटणारी चूक: पीसी बाहेरच्या खोलीत, खुर्ची आतल्या. यूएसबी २.० ची वायर पाच मीटरच्या पुढे नीट चालत नाही. स्वस्त एक्स्टेन्शन लावली की फोटो अर्धा येतो, आणि पेशंटवर पुन्हा एक्स-रे घ्यावा लागतो.

वीज, खारा वारा आणि पाणी

जूनच्या पहिल्या वादळी पावसात लाइट जाते आणि ती कधी येईल हे महावितरणलाही ठाऊक नसतं. साधा ६०० व्हीए यूपीएस एका पीसीला दहा-पंधरा मिनिटं देतो, ती नोंद जतन करून मशीन बंद करायला. दिवसभर काम करायचं तर लॅपटॉप आणि इन्व्हर्टर बरा. मात्र राउटर आणि फायबरचा छोटा डबाही यूपीएसवरच हवा. पीसी चालू, राउटर बंद, असं निम्म्या दवाखान्यांत असतं. महामार्गाच्या किंवा रस्त्याच्या कामात फायबर तुटली की दोन-दोन दिवस नेट नसतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला डोंगल ठेवावा. निव्वळ ब्राउझरवर चालणारं सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्यासमोर वाय-फाय बंद करून बघावं. नेट नसताना नोंद करता आली आणि नेट आल्यावर ती आपोआप वर गेली, तर ते किनाऱ्यावर चालेल. 'नेट नाही' एवढीच पाटी आली तर रत्नागिरीच्या पुढे त्याचा उपयोग नाही.

खाऱ्या हवेने यूएसबीचे तोंड आणि रॅमचे दात गंजतात, पंख्याच्या जाळीवर चिकट थर बसतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगत तर वर्षातून दोनदा मशीन उघडून साफ करून घ्यावं. बाहेरच्या हार्ड डिस्कला हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा बाजारपेठेतली तळमजल्याची दुकानं आणि दवाखाने पाण्याखाली गेले. कागद तर गेलेच. पण टेबलाखालचा सीपीयू आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्कही एकत्र बुडाली, तर त्या बॅकअपचा काय उपयोग? तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. एक डिस्क घरी वरच्या मजल्यावर, एक दवाखान्यात, एक प्रत क्लाउडवर. घरची आणि दवाखान्याची डिस्क दर शनिवारी अदलाबदल करायच्या. डिस्क मशीनला कायम जोडून ठेवू नये, कारण खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो.

बॅकअपमध्ये दोन चुका नेहमीच्या. डेटाबेसचं फोल्डर घेतलं जातं, एक्स-रेचं राहून जातं. किंवा सॉफ्टवेअर चालू असतानाच फोल्डर कॉपी केलं जातं, आणि अशी प्रत पुढे उघडत नाही. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर बॅकअप उतरवून पाच पेशंट आणि त्यांचे पाच एक्स-रे उघडून बघावेत.

नोंदणी आणि काउंटरवरचा आभा

डॉक्टरला एचपीआर, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं, आणि दवाखान्याला एचएफआर, म्हणजे संस्थांच्या नोंदवहीत. पहिल्यासाठी आधार, राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र, पदवीचा तपशील. दुसऱ्यासाठी पत्ता, नकाशावरची जागा, इमारतीचा आणि पाटीचा फोटो. इथे सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, परिषदेत तिसरंच. आधी परिषदेतलं नाव बदलून घ्यावं, मग अर्ज करावा. उलटं केलं तर पडताळणीत महिने जातात.

काउंटरवरचा त्रास वेगळा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आधारला मुंबईच्या मुलाचा नंबर जोडलेला असतो. ओटीपी जातो विरारला, आणि मुलगा लोकलमध्ये. तेवढ्यासाठी रांग खोळंबू देऊ नये. केसपेपर दवाखान्याच्या स्वतःच्या नंबराने उघडावा, आभा पुढच्या भेटीत जोडावा. आभा काढताना संपर्कासाठी वेगळा मोबाईल नंबर देता येतो. तो पेशंटच्या हातातल्या फोनचा द्यावा. ज्यांच्याकडे आभा अ‍ॅप आहे त्यांना काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करायला सांगितलं की नाव-पत्ता बिनचूक भरला जातो. आभा ऐच्छिक आहे. नाही म्हणणाऱ्याला उपचार नाकारायचे नाहीत.

एकच पेशंट दोनदा नोंदला जाणं हे आपल्याकडचं खास दुखणं. वाडीत सगळ्यांचं आडनाव एक, घरात चौघांचा मोबाईल एक, जन्मतारीख बहुतेकांची १ जानेवारी. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली सून माहेरच्या नावाने आधीच नोंदलेली असते. नवीन केसपेपर उघडण्याआधी मोबाईल नंबराने शोधायचं, मग जन्मवर्ष आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पडताळायचं, ही सवय असिस्टंटला लावावी. दोन नोंदी एकत्र करण्याचं बटण फक्त डॉक्टरच्या लॉगिनला द्यावं. चुकून दोन वेगळी माणसं एकत्र झाली तर ती वेगळी काढणं फार किचकट.

सुरुवात केव्हा आणि कशी

मे महिन्यात नाही, गणपतीत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा एरवी दिवसदिवस समुद्रावर असलेले खलाशी लांबची कामं करून घ्यायला येतात, आणि वीजही तेव्हाच दगा देते. पितृपक्ष सगळ्यात सोयीचा. पेशंट कमी, पाऊस उताराला. पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये असं घरचे म्हणतील. तर सराव तेव्हा करा आणि नारळ घटस्थापनेला फोडा.

जुने सगळे केसपेपर स्कॅन करत बसू नये. पेशंट येईल तसा त्याचा जुना कागद काढायचा, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, अर्धवट कामं आणि बसवलेल्या कॅप-इम्प्लांटची माहिती तेवढी भरायची आणि कागदावर 'भरलं' असा शिक्का मारायचा. पहिल्या भेटीला पूर्ण बत्तीशी नोंदवायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात, म्हणून पहिले दोन आठवडे अपॉइंटमेंट विरळ द्याव्यात. वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवायचं तर महिनाभरच. त्यापुढे दोन्हींत अर्धं-अर्धं लिहिलं जातं.

प्रत्येकाला वेगळं लॉगिन. सगळेच डॉक्टरच्या पासवर्डने काम करत असतील तर नोंद कोणी बदलली याचा माग असून नसल्यासारखा. चुकलेली नोंद खोडायची नाही, खाली तारखेसह दुरुस्ती जोडायची. ग्राहक आयोगात किंवा कोर्टात प्रकरण गेलं तर इलेक्ट्रॉनिक नोंद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह दाखल करावी लागते, आणि तिथे हा बदलांचा माग उपयोगी पडतो. दात काढण्याच्या संमतीपत्रावर सही किंवा अंगठा कागदावर घेतला असेल तर स्कॅन जोडावा आणि मूळ कागदही जपावा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सांभाळण्यासाठी वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तो आकडा छोट्या दवाखान्याला घाबरवण्यासाठी विक्रेते वापरतात, पण लागणारी कामं साधी आहेत: कोणती माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना, तीही मराठीत मिळेल अशी, पडद्याला कुलूप, डिस्कवर पासवर्ड, काम सोडून गेलेल्या असिस्टंटचं लॉगिन त्याच दिवशी बंद.

करारावर सही करण्याआधी शेवटचं कलम वाचावं, सोडून जाण्याचं. वर्गणी थांबवली तर नोंदी किती दिवस वाचता येतील, सगळा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, एक्स-रे पेशंटच्या नावानिशी मिळतील की नुसत्या आकड्यांच्या फाइल, आणि त्याचे वेगळे पैसे किती. हे तोंडी न ठेवता लेखी घ्यावं, आणि पहिल्या महिन्यातच एकदा सगळा डेटा बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडून बघावा. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर ते तेव्हाच कळवायचं, पहिला हप्ता द्यायचा राहिलेला असताना.